निळं घालवणारे सर

पाण्यात निळा रंग दिसला की ज्यांचा चेहरा खुलतो असे यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबमध्ये एकच गृहस्थ आहेत. गाव त्यांना नॅनोसर म्हणतं. त्यांना खरं नाव आहे, पण ते पगारपत्रकावर आणि शोधनिबंधांवर. त्यांना शोधायला कळंबला मात्र जाऊ नका. वणी, पुसद, दारव्हा, पांढरकवडा, कुठल्याही गावच्या महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या खोलीत डोकावलात तरी ते सापडतील. चार-पाच जणांचं सामान मी एकाच घरात आणून ठेवलंय. घर तेवढं कळंबचं निवडलं, कारण त्या घराच्या गच्चीला दुसरी जागा शोभणार नाही.

सर राहतात कळंबला आणि शिकवायला जातात एस.टी.नं. अंगावर बिनइस्त्रीचा शर्ट. खिशात दोन पेनं आणि औषधाच्या कॅप्सूलसारखी दिसणारी एक पांढरी कांडी. ती मॅग्नेटिक स्टिररची. द्रावण ढवळायला भांड्यात टाकायची, खाली यंत्रातलं चुंबक फिरलं की ही वर गरगरते. हरवली तर नवीसाठी बाराही महिने बजेट नाही, म्हणून सर ती खिशातच बाळगतात. एकदा जेवणानंतर रक्तदाबाची गोळी समजून तोंडात टाकलीही होती. दाताखाली टणक लागली म्हणून वाचले, असं वहिनी सांगतात. सर सांगतात की वर टेफ्लॉन असतं, पोटात काहीच झालं नसतं.

बोटं कायमची तपकिरी. पोटॅशियम परमँगनेट एकदा कातडीला लागलं की चार-सहा दिवस हटत नाही. लोकसभेच्या मतदानाला गेले तर केंद्रावरच्या अधिकाऱ्यानं बोटं पाहून कागद बाजूला सारले. "सर, तुमी तं मत देऊन आले!" सरांनी आधी स्वतःचे डाग कशाचे ते सांगितलं. मग तुमच्या बाटलीतली शाई म्हणजे सिल्व्हर नायट्रेट, ते उजेडानं काळं पडतं, म्हणजे तुम्हीसुद्धा इथं प्रकाशरसायनच करता आहात, हेही सांगितलं. मागं रांग दारापर्यंत गेली होती. अधिकाऱ्यानं मत देऊ दिलं ते पटलं म्हणून नव्हे.

सरांचा विषय आहे झिंक ऑक्साईड आणि ग्राफीनचं नॅनोसंमिश्र, त्याचा प्रकाश-उत्प्रेरक म्हणून उपयोग. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या माणसानं चुकून "सध्या काय चालू आहे?" असं विचारलं तर मठ्ठा येईपर्यंत त्याची सुटका नाही. सर नॅनोपासून सुरू करतात. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश. डोक्याचा एक केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड. हे सांगताना ते स्वतःच्या डोक्याकडे बोट नेतात, मग शेजाऱ्याच्या.

तिथून गाडी येते १९७२ सालावर. आपल्याकडे बहात्तर म्हटलं की म्हाताऱ्या माणसांना दुष्काळ आठवतो, सुकडी आठवते, खडी फोडायची कामं आठवतात. सरांना आठवतात फुजिशिमा आणि होंडा. त्याच वर्षी या दोन जपान्यांनी टायटॅनियम डायऑक्साईडवर अतिनील प्रकाश टाकून पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करता येतात, असं दाखवणारा निबंध छापला. "आपण इथं पाणी शोधून राह्यलो होतो," सर म्हणतात, "अन् ते तिथं पाणी फोडून राह्यले होते." हे वाक्य त्यांना फार आवडतं. वर्गात, पंगतीत आणि एकदा सांत्वनाच्या भेटीतही ते म्हणून झालं आहे.

आता उत्प्रेरक काय करतो, ते. झिंक ऑक्साईडवर पुरेशा जोराचा प्रकाश पडला की त्यातला इलेक्ट्रॉन जागेवरून उठतो आणि मागं एक रिकामं भोक राहतं. इलेक्ट्रॉननं बाहेर जाऊन ऑक्सिजनला धरायचं, भोकानं पाण्याकडून इलेक्ट्रॉन हिसकावायचा, आणि या मारामारीत जे तिखट कण तयार होतात त्यांनी रंगाच्या रेणूचे तुकडे करायचे, अशी योजना. पण होतं काय, की इलेक्ट्रॉन परत येऊन आपल्याच भोकात बसतो. सर हे एस.टी.वरून समजावतात. "माणूस शेंगा घ्याले गाडीखाली उतरला. कंडक्टरनं घंटी मारली. माणूस धावत येऊन आपल्या सीटवर. शेंगा नाही, काही नाही, काम शून्य. आता ग्राफीन म्हणजे कोण? स्टँडावर भेटलेला ओळखीचा माणूस. तो म्हणते, काय बापा, कुठं चालले? अन् हा तिथंच गुंतते. गाडी सुटते. सीट खाली, आता त्या सीटसाठी भांडणं होतीन ते वेगळी." अनेक विद्वानांची पुस्तकं चाळून मला जे समजलं नव्हतं ते कळंबच्या स्टँडावर उभ्या उभ्या समजलं. एकच अडचण झाली. त्या दिवशी ऐकता ऐकता माझीच यवतमाळची गाडी सुटली.

ग्राफीन म्हणजे कार्बनचा एकाच अणूइतक्या जाडीचा पत्रा. पेन्सिलीच्या शिशात असे लाखो पत्रे एकावर एक चिकटलेले असतात. आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी साध्या चिकटपट्टीनं ते सोलून एकेक थर वेगळा केला. निबंध २००४ चा, नोबेल २०१० चं, गाव मँचेस्टर. हे गाव सरांच्या फार जिव्हाळ्याचं. कारण इंग्रजांच्या काळात यवतमाळचा कापूस शकुंतला रेल्वेच्या अरुंद रुळांवरून मूर्तिजापूरला, तिथून मुंबईला आणि तिथून बोटीनं मँचेस्टरच्या गिरण्यांत जायचा. "आपला कापूस त्याईनं नेला," सर म्हणतात, "ग्राफीन आणून आपण वसूल करून राह्यलो." नेण्या-आणण्याचा हिशेब बरोबर आहे. फक्त शकुंतला आता बंद आहे आणि ग्राफीन येतं ते पीडीएफमधून.

आणि ते ग्राफीन नसतंच, हे सांगणारेही सरच. कोणी त्यांच्या कामाला 'ग्राफीनचं काम' म्हटलं की ते लगेच हात वर करतात. चिकटपट्टीनं सोलून कामापुरता माल कधी निघायचा? म्हणून ग्रॅफाईटला तेजाबात घालून त्याचं ऑक्साईड करायचं, पत्रे सुटे करायचे, मग त्यातला ऑक्सिजन काढून टाकायचा. तो सगळा निघत नाही. उरतं ते रिड्यूस्ड ग्राफीन ऑक्साईड. "ग्राफीन म्हणतो आपण. पण तसं ते नाही." एखादा बाप मुलाचं कौतुक ऐकताना गणितातले मार्क स्वतःहून सांगून टाकतो, तसला हा प्रामाणिकपणा. बढतीच्या मुलाखतीत तो महागात पडतो.

ग्रॅफाईटचं ऑक्साईड करायची रीत हमर्स आणि ऑफमन यांनी १९५८ साली दिली. तीव्र गंधकाम्ल, सोडियम नायट्रेट, ग्रॅफाईट, आणि वरून चिमूट चिमूट परमँगनेट. भांडं बर्फात हवं, तापमान वीस अंशांच्या खाली हवं. घाई केली, गरम झालं, तर भांड्यात स्फोटक माल तयार होतो. आता हमर्स अमेरिकेत होते. त्यांना मे महिन्यातला यवतमाळ जिल्हा माहीत असायचं कारण नव्हतं. सरांना मोकळा वेळ मिळतो उन्हाळ्याच्या सुट्टीत, तेव्हा बाहेर पंचेचाळीस अंश असतात आणि प्रयोगशाळेतला कूलर गरम वारा नुसता इकडून तिकडे करतो. बर्फ येतो रसवंतीवरून. रसवाल्याला काही दिवस वाटलं, सरांच्या घरी रोज पाहुणे असतात. मग त्यानं एकदा विचारलं. सरांनी सांगितलं. तेव्हापासून तो बर्फ देताना दोन पावलं मागं सरून देतो.

शेवटी हायड्रोजन पेरॉक्साईड ओतलं की ते काळंतपकिरी द्रावण एकदम पिवळंजर्द होतं. ही घटका पाहायला विभागातले सगळे जमतात. प्रयोगशाळेचे परिचर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते हात जोडतात. मग सगळे निघून जातात, आणि धुणं उरतं.

धुणं म्हणजे त्या चिखलातलं आम्ल जाईपर्यंत सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं, वरचं पाणी ओतायचं, नवं घालायचं, पुन्हा फिरवायचं. आणि गंमत अशी की आम्ल जसजसं जातं तसतसा माल फुगतो, बुळबुळीत होतो, खाली बसायचं नाव घेत नाही. शोधनिबंधात याला अर्धं वाक्य मिळतं : 'उदासीन होईपर्यंत धुतलं.' त्या अर्ध्या वाक्यात सरांच्या दोन दिवाळ्या गेल्या. महाविद्यालयाचं यंत्र बिघडलं तेव्हा ते माल घरी आणून बसू द्यायचे. नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांआड. वहिनींनी एकदा टाकीत डोकावून हिशेब मांडला. "एक पेला पानी साफ कराले दोन ड्रम पानी गेलं. ह्या शोधाले बक्षीस कोन देते?" सरांनी सांगितलं की हा आक्षेप एका परीक्षकानंही घेतला होता, पण इतक्या थोड्या शब्दांत नाही.

झिंक ऑक्साईड त्या मानानं गरीब. झिंक ॲसिटेटच्या पाण्यात कॉस्टिक सोडा घातला की पांढरा साका खाली बसतो. धुवायचा, वाळवायचा, भट्टीत तापवायचा. पहिल्यांदा भट्टीचं दार उघडलं तेव्हा मामा घाबरले, "सर, सगळी पावडर पिवळी पडली!" आणि साहेबांना काय सांगायचं या काळजीत पडले. सर म्हणाले, चहा सांगा. चहा येईपर्यंत पावडर पांढरी झाली. झिंक ऑक्साईड तापलं की पिवळं होतं, निवलं की पांढरं, हा त्याचा स्वभावच आहे. मामांनी ही गोष्ट घरी जाऊन चमत्कार म्हणून सांगितली आणि सरांचा गावातला मान एका आठवड्यापुरता वाढला.

या सगळ्यात 'नवं काय?' असं विचारणारा एक परीक्षक असतो. तो कुठे असतो माहीत नाही, पण प्रत्येक निबंधाला असतो. त्याचं तोंड बंद करायला सरांनी हरित मार्ग धरला. रसायनाऐवजी झाडाच्या पानांचा काढा वापरायचा. कडुनिंबाचा झाला. तुळस झाली, कोरफड झाली. जास्वंद झाली तेव्हा मामांनी विचारलं, "गणपतीले काई ठेवसान का नाई?" मग पळस, मग घाणेरी, मग गाजरगवत. गाजरगवतानं तरी कोणाचं भलं होत असेल तर होऊ द्या, म्हणून शेतकऱ्यांनी पोत्यानं आणून दिलं. बेशरमाच्या पानांचा काढा करून पाहिला तेव्हा शीर्षकात काय लिहायचं हा पेच पडला. लॅटिन नाव होतं म्हणून निभावलं. आता तालुक्यात पान उरलं नाही. जगातल्या ग्रंथालयांतही उरलेलं नाही. या विषयावरचे निबंध रचले तर बोर्डाच्या झाडपाल्याची वही होईल.

छापणं हा वेगळा बाजार. सरांना रोज पत्रं येतात. 'परमपूज्य प्राध्यापक' अशी सुरुवात, तुमच्या दैदीप्यमान संशोधनानं आम्ही दिपून गेलो असा मधला भाग, आणि शेवटी डॉलरमध्ये आकडा. यूजीसीनं २०१९ साली चांगल्या नियतकालिकांची केअर यादी काढली तेव्हा सरांनी ती छापून कपाटाला आतून चिकटवली. २०२५ च्या फेब्रुवारीत यादीच बंद झाली. यादी अजून आहे, कारण ती सोलली तर कपाटाचा रंग निघतो.

माल तयार झाला तरी तो आहे काय हे कळायला बाहेर पाठवावा लागतो. क्ष-किरणांची तपासणी मुंबईला, मोठा सूक्ष्मदर्शक चंडीगडला. सर चंडीगडला गेलेले नाहीत, त्यांची पावडर सात-आठदा जाऊन आली आहे. नुसतं झिंक ऑक्साईड पाठवायचं तर पांढरी पावडर पाहून कुरिअरवाला संशय घेतो. त्यावर सरांचं उत्तर तयार आहे : घामोळ्यांवर लावतात त्या कॅलामाइन लोशनमध्ये हेच असतं, घ्या लावून पाहा. ग्राफीन मिसळलेला माल मात्र राखाडी असतो. छोट्या कुपीत, वर झाकण, कापसात गुंडाळलेली. नव्या आलेल्या पोरानं कुपी पाहिली, आवाज खाली आणला आणि विचारलं, "कोन गेलं, सर?" सर म्हणाले, कोणी नाही. पोरगा म्हणाला, चंडीगडपेक्षा नाशिकले पाठवते लोक.

सूक्ष्मदर्शकाचा फोटो आला की सर फ्रेम करून दिवाणखान्यात लावतात. झिंक ऑक्साईडचे कण नीट वाढले तर फुलासारखे गुच्छ दिसतात, आणि खरंच सुंदर दिसतात. गजाननाच्या तसबिरीशेजारी असं एक काळंपांढरं फूल आहे. मुलीला पाहायला आलेल्या मंडळींतल्या एका काकांनी फार वेळ निरखून विचारलं होतं, "कोबी घरचीच का?"

आता गच्ची.

रंगाचं पाणी साफ होतं की नाही हे पाहायला आधी रंगाचं पाणी लागतं. सरांच्या प्रत्येक निबंधाचं पहिलं वाक्य वस्त्रोद्योगाच्या सांडपाण्याबद्दल असतं. पण कळंबला रंगाचे कारखाने नाहीत. इथला कापूस पांढरा येतो आणि पांढराच जातो. त्याला पुढे कुठे रंग लागतो, आणि तो रंग इचलकरंजीच्या बाजूला पंचगंगेत उतरतो की आणखी कुठे, ते इथून दिसत नाही. म्हणून सर मिथिलीन ब्लूची पुडी विकत आणतात, स्वच्छ पाण्यात टाकतात, आणि मग काढायला बसतात. त्यांचे मित्र, मराठीचे एक सर, हे पाहून म्हणाले, "टाकलंच नाही तर?" दुसऱ्या वेळी ते आणखी पुढे गेले. कळंबच्या चिंतामणीची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. गौतमाच्या शापानं इंद्राची काया बिघडली आणि इथल्या गणेशकुंडाच्या पाण्यानं ती पूर्ववत झाली. मराठीचे सर म्हणाले, "इथल्या पाण्यानं देवाचे डाग गेले. तुम्ही पाण्यालाच डाग लावता." नॅनोसरांनी यावर शांतपणे विचारलं की कुंडाच्या पाण्याचा सामू कोणी मोजला आहे का. त्यांना खोचकपणा कळत नाही, त्यामुळे तो लागतही नाही.

मिथिलीन ब्लू निवडण्यामागं मोठं तत्त्वज्ञान नाही. हा रंग १८७६ सालापासून बनतो. एके काळी मलेरियावर औषध म्हणून पॉल अर्लिखनं तो वापरून पाहिला होता. स्वस्त आहे. मुख्य म्हणजे डोळ्यांना दिसतो, आणि ६६४ नॅनोमीटरला प्रकाश शोषतो, म्हणजे विभागातल्या जुन्या कलरीमीटरलाही दिसतो. ज्या महाविद्यालयात एकच यंत्र चालू आहे तिथं त्या यंत्राला जे दिसतं तोच संशोधनाचा विषय होतो. याला हसणं सोपं आहे, मीही हसलो आहे.

मे महिन्यात गच्चीवर एका बाजूला वहिनींच्या कुरडया आणि सांडगे, दुसऱ्या बाजूला निळ्या पाण्याचे बीकर. गल्लीतली पोरं त्याला सरांचं सरबत म्हणतात. कावळे कुरडयांवर बसतात, बीकरवर नाही. त्यावरून वहिनी कावळ्यांच्या अकलेबद्दल बोलतात. सर पंचा डोक्याला गुंडाळून, पिचकारीसारखी सिरिंज हातात घेऊन दर पंधरा मिनिटांनी थोडं पाणी काढतात, पावडर खाली बसवतात आणि बाटलीवर वेळ लिहितात. एवढ्या उन्हात रंग भसाभस उडत असेल असं वाटतं. सर म्हणतात, उष्मा वेगळा आणि अतिनील वेगळं. झिंक ऑक्साईडला साधारण ३७५ नॅनोमीटरच्या आतला प्रकाश लागतो, आणि उन्हातल्या ऊर्जेत अतिनीलाचा वाटा जेमतेम चार-पाच टक्के. "बाकी सगळं आपल्याले भाजाले," असं म्हणून ते कपाळ पुसतात. विदर्भाच्या उन्हाचा इतका नेमका अपमान दुसऱ्या कोणी केल्याचं मला आठवत नाही.

पण त्या गच्चीवरच हा माणूस मला पहिल्यांदा नीट दिसला. ओळीत एक बीकर होता ज्यात पावडरच नव्हती. नुसतं निळं पाणी. मी म्हटलं, यात घालायची राहिली. ते म्हणाले, "राहिली नाही." मिथिलीन ब्लू नुसत्या उन्हानंही हळूहळू फिका पडतो. तो किती पडतो ते वजा केल्याशिवाय आपल्या पावडरीनं काय केलं हे सांगता येत नाही. दुसरं एक भांडं वहिनींच्या गोधड्यांच्या पेटीत, अंधारात. रंग पावडरीला नुसता चिकटतोही. ग्राफीन असलं की जास्तच. ते अर्धा तास आधी चिकटू द्यायचं, मग उन्हात न्यायचं, नाही तर चिकटलेल्यालाच 'तुटला' म्हणून छापलं जातं. आणि तिसरी खोड अशी की पाणी पांढरंस्वच्छ झालं तरी सर आनंद मानत नाहीत. बाटली रात्रभर ठेवतात, सकाळी उठून चहाच्या आधी जोरात हलवून पाहतात. मिथिलीन ब्लूचं एक रंगहीन रूप असतं. हवा लागली की ते पुन्हा निळं होतं. रंग दिसेनासा झाला म्हणजे रेणू मोडला असं नाही. सकाळी सहा वाजता पायजम्यावर उभं राहून स्वतःचं यश खोटं ठरतंय का ते हलवून बघणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

या वजाबाक्यांनी आकडे घटतात. दुसऱ्यांचे निबंध अठ्ठ्याण्णव टक्के, नव्व्याण्णव टक्के म्हणत असताना सरांचा आकडा पास क्लासाच्या जरा वर राहतो. त्यांचा एक विद्यार्थी म्हणाला, "सर, अंधारातलं धरून सांगू ना, कोन पाह्यते?" सरांनी त्याला पुढचा आठवडा धुण्याला बसवलं.

गावाला अर्थातच दुसरंच काही हवं असतं. सरांचे मोठे भाऊ शेती करतात. त्यांना झिंक म्हटलं की झिंक सल्फेट आठवतं. "सोयाबीनले टाकाचं का मंग तुही पावडर?" हा त्यांचा दर जूनमधला प्रश्न. पांढरकवड्याकडचे पाहुणे आले की फ्लोराइडचं विचारतात. तिकडच्या विहिरी-बोअरच्या पाण्यात ते जास्त आहे, दात पिवळे पडतात, हाडं धरतात. इथं सरांना खोटं बोलायची चांगली संधी असते, आणि ते ती घालवतात. फ्लोराइड जाळून जात नाही. रंगाचा रेणू मोठा असतो, त्याचे तुकडे होतात. फ्लोराइड आधीच एकटं आहे, त्याचं आणखी काय तोडणार? ते गाळायला वेगळी रीत लागते. पाहुणे म्हणतात, म्हणजे तुमच्यानं होत नाही. सर म्हणतात, होत नाही.

भावांनी एकदाच वेगळा प्रश्न विचारला होता, २०१७ च्या पावसाळ्यानंतर. त्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसवर माणसं गेली, कित्येक यवतमाळच्या दवाखान्यात पडून होती. भाऊ म्हणाले, "ते औषध पान्यातून, अंगावरून घालवत असन तुही पावडर तं सांग." सरांनी वाचलं होतं. प्रयोगशाळांत कीटकनाशकं अशा पावडरीनं मोडून दाखवलेली आहेत. पण त्यांना रंग नसतो. कलरीमीटरला ती दिसत नाहीत. मोजायला जे यंत्र लागतं ते विभागात नाही, आणि न मोजता 'जातं' म्हणणं सरांच्या तोंडून निघत नाही. त्यांनी लघु संशोधन प्रकल्पाचा अर्ज केला, यंत्राचं कोटेशन जोडलं. अर्जाची पोच आली. त्या वर्षीच्या निबंधातही निळंच पाणी होतं, फक्त पहिलं वाक्य त्यांना लिहवेना. ते मराठीच्या सरांनी लिहून दिलं.

२०२४ च्या फेब्रुवारीत वर्धा-कळंब रेल्वे सुरू झाली. गाव स्टेशनवर लोटलं. सरही गेले, पण त्यांनी पहिल्यांदा विचारलं ते वेळापत्रक नव्हे. पार्सलचा डबा आहे का, ते विचारलं.

परवा गेलो तेव्हा घरात वेगळीच शांतता होती. झालं असं होतं. वहिनी कुरडया उचलायला गच्चीवर गेल्या. एका बीकरमधलं निळं पूर्ण गेलं होतं, पण पाणी गढूळ राखाडी होतं. त्यांनी विचारलं, "निळं तं गेलं. आता हे काळं कसं काढाचं?"

सरांनी सवयीनं तोंड उघडलं आणि मिटलं. प्रश्न बरोबर होता. एवढे बारीक कण पाण्यात तरंगत राहतात, कापडानं गाळले जात नाहीत. वर झिंक थोडं थोडं विरघळतंही. हे निबंधाच्या शेवटी 'पुढील संशोधनास वाव' या मथळ्याखाली लिहून मोकळं व्हायची रीत आहे. वहिनींना मथळा चालत नव्हता. त्यांना ते पाणी कुंडीत ओतायचं होतं.

सर तीन दिवस बोलले नाहीत. चौथ्या दिवशी खिशातली ती पांढरी कांडी काढून तिच्याकडे बघत बसले, आणि उठून ओरडले, "चुंबक!" पावडरीत लोहाचं चुंबकीय ऑक्साईड मिसळायचं. काम झालं की बाहेरून चुंबक लावायचं, सगळी पावडर एका बाजूला गोळा, पाणी नितळ. ही युक्तीही जगात कोणीतरी आधी केलेली आहे हे सरांना माहीत आहे, पण ती कळंबला झालेली नाही. मामांनी लग्नाच्या बँडवाल्याकडून फुटक्या भोंग्याचं एक वजनदार चुंबक आणलं आहे. ते सध्या सरांच्या लोखंडी कपाटाला असं चिकटलंय की दोघांच्यानं निघत नाही.

वहिनींनी तेवढ्यात गच्चीवर खडूनं रेघ मारून घेतली. मोठी बाजू कुरडयांची. सर टेप घेऊन वर गेले आहेत.